विंडोज सेव्हनच्या पत्रिका विंडोज इलेव्हनवर

प्रश्न : कोल्हापुरात शाहूपुरीत माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करून देण्याचं, छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, तालीम-मंडळांची पावतीपुस्तकं, दूध संस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामं असतात. जुन्या मशीनवर विंडोज सेव्हन, पानं मांडायचा पेजमेकर ७, चित्रं-अक्षरं सजवायचं कोरल आणि डाँगलवालं (किल्लीसारखं छोटं उपकरण खोचल्याशिवाय न चालणारं) मराठी सॉफ्टवेअर. गेल्या महिन्यात त्याचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) गेला, तेव्हा पुतण्यानं हट्टानं नवीन मशीन घ्यायला लावलं. त्यात विंडोज इलेव्हन आहे. जुनंही दुरुस्त होऊन आलंय. नव्यावर पत्रिका उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं दिसतात, फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी येतात, प्रिंट दिली की ती कधी लेझरवर जाते तर कधी फाइलचं नाव विचारत बसते. पुतण्या म्हणतो, "काका, सगळं युनिकोड करून टाका", म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी म्हणूनच ओळखली जाणारी अक्षरं. चार दिवसांत मी जुन्यावर परत आलोय. नवीन मशीन परत द्यावं, त्यावर सेव्हन टाकून घ्यावं, की या वयात पहिल्यापासून शिकावं?

उत्तर : मशीन परत देऊ नका आणि पहिल्यापासून शिकायच्या भानगडीतही पडू नका. तुमच्या वैतागात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. अक्षरं इंग्रजी दिसतात ती फाँट नसल्यामुळं, फोटो दिसत नाहीत ते फोल्डरचा पत्ता बदलल्यामुळं आणि प्रिंट भरकटते ती सेटिंगमधल्या एका बटणामुळं. तुम्हाला इलेव्हन येत नाही म्हणून यातलं काहीही झालेलं नाही. तुमच्या हाताखाली वीस वर्षांचा पोरगा बसला असता तरी त्याला हेच दिसलं असतं.

सेव्हन टाकण्याचा विचार मात्र आजच सोडा. अलीकडच्या प्रोसेसरना सेव्हनसाठीचे ड्रायव्हरच (विंडोजला मशीनच्या भागांशी बोलायला लावणारे छोटे प्रोग्राम) मिळत नाहीत. सेव्हनच्या मूळ डीव्हीडीला नव्या यूएसबी पोर्टची आणि एनव्हीएमई एसएसडीची, म्हणजे नव्या वेगवान डिस्कची, ओळख नाही, त्यामुळं इन्स्टॉल करतानाच माऊस मरतो किंवा डिस्क दिसत नाही. कुणी खटपटी करून बसवून दिलंच, तरी स्क्रीन जाड, रंग भलते आणि इंटरनेट बंद अशी अवस्था होते. मायक्रोसॉफ्टनं सेव्हनचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबवले आणि क्रोमची सेव्हनवर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ वी. मधल्या विंडोज टेनचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे "मग टेन तरी टाकून द्या" ही तडजोडही आता कामाची नाही. गिऱ्हाइकाचा मजकूर आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून, मेलवरून, कुठल्या कुठल्या पेनड्राइव्हवरून येतात. ते सगळं नव्या मशीनवर उतरू द्या. जुन्याची नेटची वायर काढून ठेवा.

पुढचा एक हंगाम दोन्ही मशीन शेजारी शेजारी चालवायची, असं धरून पुढचं सांगतो.

सुरुवात जुन्या मशीनवर करायची आहे. एक बाहेरची हार्डडिस्क घ्या आणि कामांचं फोल्डर जसंच्या तसं, आतल्या फोल्डरांची नावं न बदलता उचलून ठेवा. नंतर सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातला फाँट्स हा फोल्डर उघडून तो सगळा कॉपी करा. तिसरी जागा बहुतेक जण विसरतात आणि नंतर पस्तावतात. जुनी सॉफ्टवेअरं आपल्या टेम्प्लेट, स्वतः भरलेले शब्द, ठरवलेल्या स्टाइल्स हे सगळं प्रोग्राम फाइल्समध्ये आपल्याच फोल्डरात लिहू पाहतात. सेव्हन त्यांना तिथं लिहू देत नाही आणि त्यांना न कळवता त्या फाइली युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात, लोकलमध्ये, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या जागी ठेवतं. सॉफ्टवेअरला वाटतं, माझ्याच घरात ठेवलंय. तुम्ही प्रोग्राम फाइल्समधून फोल्डर उचललं तर आत वर्षांपूर्वीच्या मूळ फाइली मिळतील. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, म्हणून फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपलेल्या फाइली दाखवायला सांगा आणि व्हर्च्युअलस्टोअर सगळंच घ्या.

जुनं मशीन चालू आहे तोवर आणखी एक काम उरकून घ्या. दरवर्षी परत येणारे जॉब, म्हणजे अहवाल, पावतीपुस्तकं, नेहमीच्या गिऱ्हाइकांची लेटरहेड, यांची फाँट आत बसवलेली पीडीएफ तिथूनच काढून ठेवा. कोरलमधल्या फाइलींची एक प्रत अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फाँट लागू नये म्हणून अक्षरांचे आकार करून, वेगळ्या नावानं ठेवा. मूळ फाइल मात्र कर्व्ह करू नका, पुढच्या वर्षी तारीख बदलायची असते. अशी पीडीएफ हाताशी असली की नव्या मशीनवर उघडलेली फाइल बरोबर आहे का, हे अंदाजानं ठरवावं लागत नाही, शेजारी ठेवून ताडता येतं.

ही हार्डडिस्क दुकानात ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीकडं पाणी कुठपर्यंत आलं होतं हे तुम्हाला सांगायला नको. ती घरी, वरच्या मजल्यावर ठेवा आणि आठवड्यातून एकदा आणून प्रत चढवून परत न्या.

आता नवीन मशीन. पेजमेकर फोटो फाइलच्या आत साठवतो किंवा नुसता त्याचा पत्ता लिहून ठेवतो. मोठ्या फोटोंच्या बाबतीत बहुधा पत्ताच असतो आणि तो ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण असतो : डी, मग पत्रिका, मग वर्ष, मग फोटोचं नाव. नव्या मशीनला बहुतेक वेळा एकच सी ड्राइव्ह असतो. पुतण्यानं कामं डेस्कटॉपवर ओतली असणार, म्हणून चौकटी रिकाम्या. एकेक फोटो पुन्हा जोडत बसण्यापेक्षा नव्या मशीनवर डी ड्राइव्हच तयार करा. विंडोजची कळ आणि एक्स दाबलं की यादी येते, तीत डिस्क मॅनेजमेंट आहे. सी वर उजवं क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम निवडा. आकडा एमबीत मागतात, २०० जीबी हवे असतील तर २०४८०० लिहा. ५१२ जीबीची एसएसडी तिथं साधारण ४७६ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. कधी कधी विंडोज मागितलेली सगळी जागा सोडत नाही, जेवढी देईल तेवढी घ्या. मोकळ्या झालेल्या जागेवर नवीन व्हॉल्यूम करून त्याला डी अक्षर द्या. डी आधीच डीव्हीडी रायटरनं किंवा कार्ड रीडरनं अडवलेलं असेल तर तिथंच त्याचं अक्षर बदलून झेड करा. मग जुन्या नावाचं फोल्डर त्याच जागी ठेवा. बहुतेक फोटो आपोआप दिसायला लागतील. जे उरतील ते पेजमेकरच्या फाइल मेनूतल्या लिंक्स मॅनेजरमध्ये सापडतात.

हे करण्याआधी दोन गोष्टी तपासा, आणि दोन्हींत पुतण्याला शेजारी बसवा. पहिली, वनड्राइव्ह. मशीन सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं घातलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या पोटात जाऊ शकतात. त्यांचा पत्ता बदलतो, फुकटची जागा फक्त ५ जीबी असते आणि दोन लग्नांचे फोटो पडले की भरल्याची बोंब सुरू होते. खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या ढगावर क्लिक करून सेटिंग्जमध्ये जा, बॅकअपच्या यादीतले तिन्ही फोल्डर बंद करा आणि विचारलं तर फाइली याच मशीनवर ठेवायला सांगा. बंद केल्यावर काही फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहिलेल्या असतात, त्या हातानं बाहेर काढा. नेटवरच्या प्रती मोडण्याची घाई करू नका, दोन्हीकडं एकच फाइल असेल तर इथलीही जाते.

दुसरी, डिस्कचं कुलूप. नव्या मशीनमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत ते दिसतं. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते, आणि पुतण्यानं स्वतःचा मेल घातला असेल तर ती त्याच्या खात्यात. उद्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) कुणी काही बदललं किंवा बोर्ड गेला, की मशीन ते ४८ आकडे मागतं. ते नसले तर आतल्या फाइली कुठलाही दुरुस्तीवाला काढून देऊ शकत नाही. कागदावर प्रिंट काढून दुकानाच्या लायसनच्या फाइलीत लावून ठेवा.

आता फाँट. तुमच्या जुन्या फाइलींत खरं म्हणजे मराठी नाहीच. संगणकाच्या लेखी तिथं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत, फाँट त्यांना काना, वेलांटी, अर्धा श असं रूप देतो. फाँट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. फाइल बिघडलेली नसते. बिघडते ती पुढच्या एका चुकीनं. फाँट न मिळाल्यावर पेजमेकर एक यादी दाखवतो, त्यात सापडत नसलेल्या फाँटच्या जागी दुसरा सुचवलेला असतो आणि खाली तात्पुरता की कायमचा असं विचारलेलं असतं. तिथं कायमचा निवडून फाइल सेव्ह केली, की मूळ फाँटचं नाव फाइलीतून जातं आणि मग फाँट टाकूनही मराठी परत येत नाही. म्हणून तो बदल तात्पुरताच ठेवा, फाइल सेव्ह न करता बंद करा, फाँट टाका, पुन्हा उघडा. गेल्या चार दिवसांत ज्या फाइली सेव्ह झाल्या असतील त्या जुन्या मशीनवरून परत आणा.

फाँट टाकायचीही एक रीत आहे. नुसतं इन्स्टॉल म्हटलं की नवं विंडोज तो फक्त त्या युजरपुरता, युजरच्या फोल्डरात टाकतं. नव्या सॉफ्टवेअरला तो दिसतो, पेजमेकरसारख्या जुन्याला बऱ्याचदा दिसत नाही, आणि माणूस फाँट 'टाकलाय तरी येत नाही' म्हणून डोकं धरून बसतो. फाँटवर उजवं क्लिक करा, शो मोअर ऑप्शन्समध्ये जा आणि इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स निवडा. सगळेच्या सगळे टाकू नका. रोज लागणारे वीस-पंचवीस टाका, बाकीचे डी वर एका फोल्डरात ठेवून लागेल तसे घ्या. हजारभर फाँट भरले की पेजमेकर उघडायलाच वेळ घेतो.

फाँट टाकूनही काही अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा चौकोन दिसत असतील, तर कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन, त्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह, तिथं चेंज सिस्टिम लोकेल बघा. भाषा इंग्रजी असावी आणि खालच्या यूटीएफ-८च्या चौकटीत खूण नसावी. ती खूण असली की जुन्या फाँटची वरच्या क्रमांकांवरची अक्षरं, म्हणजे नेमकी जोडाक्षरं, मोडतात. मराठीच्या सोयीसाठी म्हणून कुणीतरी ती लावून दिलेली असते. काढून मशीन रीस्टार्ट करा.

कीबोर्डचंही बघा. जुन्या फाँटमध्ये टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीच, आणि तोही यूएस हवा. इंग्रजी इंडिया निवडलेला असेल तर उजवी ऑल्ट कळ वेगळं काम करते आणि जुन्या सॉफ्टवेअरचे शॉर्टकट अडतात. तुमचा हात ऑल्ट दाबून चार आकडी क्रमांकांनी जोडाक्षरं काढत असेल, तर ते क्रमांक फक्त उजवीकडच्या नंबर पॅडवर आणि नमलॉक चालू असतानाच चालतात. नवीन मशीनबरोबर छोटा कीबोर्ड आला असेल तर तो बाजूला ठेवून तुमचा जुनाच जोडा.

पेजमेकर स्वतः इलेव्हनवर चालतो, पण कंपनीनं त्याची हमी दिलेली नाही, त्याची ७ वी आवृत्तीच २००१ सालची. इन्स्टॉल करताना प्रोग्राम फाइल्स टाळून सी वर सरळ वेगळ्या फोल्डरात टाका, म्हणजे मघाचा व्हर्च्युअलस्टोअरचा घोळ होत नाही. त्याच्या आयकॉनवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीत एक्सपी सर्व्हिस पॅक ३ निवडा आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायची खूण करा. अक्षरं पुसट किंवा मेनू मुंगीएवढा दिसत असेल तर त्याच पानावर हाय डीपीआय सेटिंग्ज आहे, तिथं स्केलिंग सिस्टिम एन्हान्स्डवर ठेवा. आणखी जुनं, ९० च्या दशकातलं एखादं सॉफ्टवेअर तुमच्याकडं असेल आणि 'हे या मशीनवर चालत नाही' असा निरोप येत असेल, तर ते बहुधा १६-बिट, म्हणजे फार जुन्या धाटणीचं, आहे. इलेव्हन फक्त ६४-बिट येतं आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम चालत नाही. तिथं खटपट करू नका, ते काम जुन्या मशीनवरच करा.

फाइल उघडताना 'ही वेगळ्या प्रिंटरसाठी मांडली होती' अशा अर्थाचा निरोप आला तर सावध व्हा. प्रिंटर बदलला की ओळी सरकू शकतात आणि आहेराच्या टीपेची शेवटची ओळ चौकटीबाहेर जाऊन गायब होते. इथं ती जुनी पीडीएफ उपयोगी पडते.

एक गोष्ट पत्रात नाही, पण विचारायला हवी. पेजमेकर आणि कोरल बिल करून घेतलेली आहेत, की असेंबलवाल्यानं 'टाकून दिलेली'? तशी असतील तर विंडोजचं स्वतःचं अँटिव्हायरस त्यांतल्या क्रॅकच्या (लायसनचं कुलूप तोडणाऱ्या) फाइली उचलून बाजूला ठेवतं आणि सॉफ्टवेअर एक दिवस चालून दुसऱ्या दिवशी बंद पडतं. त्यावर अँटिव्हायरस बंद करून देणारे लोक भेटतात. गिऱ्हाइकाचे पेनड्राइव्ह ज्या मशीनला रोज लागतात, त्यावर हा उद्योग करू नका. नुसतं जुन्या पेजमेकर फाइलीत काय होतं ते बघायचं असेल तर लिब्रे ऑफिसमधला ड्रॉ हा फुकटचा प्रोग्राम पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली उघडतो. मांडणी जशीच्या तशी येत नाही, पण मजकूर आणि आकार कळतो. इनडिझाइनमध्येही (पेजमेकरच्याच कंपनीचं नंतरचं सॉफ्टवेअर) त्या उघडत, पण फक्त सीएस ६ पर्यंत, पुढच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली.

डाँगल यूएसबीचं असेल तर ते लगेच खोचू नका. आधी कंपनीकडून ६४-बिटचा नवा ड्रायव्हर घेऊन इन्स्टॉल करा, मशीन रीस्टार्ट करा, मग डाँगल लावा. जुना सीडीवरचा ड्रायव्हर ३२-बिटचा असेल तर तो बसणारच नाही. बसला आणि तरी डाँगल ओळखलं जात नसेल, तर विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटीखाली मेमरी इंटेग्रिटी नावाचं संरक्षण त्याला अडवत असतं. ते बंद करता येतं, पण तो शेवटचा उपाय, आधी ड्रायव्हरच नवा मागा. डाँगल मशीनच्या मागच्या जुन्या प्रिंटर पोर्टला (पॅरलल पोर्टला) लागणारं २५ पिनांचं असेल तर बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल वायर घेऊन पैसे घालवू नका. ती फक्त प्रिंटरपुरतं काम करते, डाँगल तिच्यातून बोलत नाही. पॅरलल पोर्टचं कार्ड मशीनमध्ये बसवलं तरी जुना ड्रायव्हर पोर्ट ठरावीक पत्त्यावरच शोधतो, म्हणून त्याचाही भरवसा नाही. डीलरकडून यूएसबी डाँगल किंवा नवी आवृत्ती बदलून मिळते का बघा, आणि तोवर ते सॉफ्टवेअर जुन्यावरच राहू द्या.

प्रिंटरचं दुखणं सगळ्यात सोपं आहे. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात प्रिंटर्स अँड स्कॅनर्स. खाली 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' असं बटण आहे, ते बंद करा. चालू असताना विंडोज शेवटी वापरलेला प्रिंटर नेहमीचा धरतं. सकाळी गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर प्रूफ पाठवायला पीडीएफ काढली की दुपारची प्रिंटही पीडीएफकडंच जाते आणि फाइलचं नाव मागते. बंद केल्यावर तुमचा लेझर निवडून त्याला डिफॉल्ट करा. ड्रायव्हर आपोआप आला असला तरी ट्रेचे आणि जाड कागदाचे पर्याय दिसत नसतील, तर कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर घालून ६४-बिटचा पूर्ण ड्रायव्हर घ्या. बटर पेपरवर काढताना ते पर्याय लागतात. पीडीएफ काढताना आणखी एक अडचण येईल : विंडोजच्या पीडीएफ प्रिंटरला ठरावीक मापाचेच कागद माहीत असतात. पत्रिकेचं माप त्यात नसतं. ए-फोर किंवा ए-थ्रीवर कटमार्कसकट, म्हणजे कापायच्या खुणांसकट, काढा.

पुतण्याचं युनिकोडचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जुन्या फाइली युनिकोड करत बसू नका, त्यात फक्त वेळ जाईल. नव्या कामांपैकी ज्यांचा मजकूर गिऱ्हाइकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत येतो, ती मात्र युनिकोडमध्येच करायला लागा, तो मजकूर आज तुम्ही पुन्हा टाइप करताय. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, तिथं चिकटवलं की प्रश्नचिन्हांची रांग लागते. त्यासाठी कोरलची अलीकडची आवृत्ती लागेल, किंवा इनडिझाइन. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडल्याशिवाय वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर बसत नाहीत. फुकटात बघायचं तर इंकस्केप आणि स्क्रायबस आहेत.

फाँटही नवे शोधावे लागतील, कारण तुमचे सुलेखनाचे जुने फाँट युनिकोड नाहीत. मुक्ता, बालू, कलम, यात्रा वन, रोझा वन हे फुकट मिळतात. पत्रिकेच्या मथळ्याला यातले शेवटचे दोन शोभतात, मजकुराला मुक्ता. मात्र छापण्याआधी ल आणि श नीट बघा. बऱ्याच फाँटमध्ये हिंदी वळणाचे ल, श आधी येतात. मराठी वळण म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श, राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही तेच आहेत. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी केली की पुष्कळ फाँटमध्ये ते आपोआप बदलतात, आणि तिरो देवनागरी मराठीसारख्या फाँटमध्ये मुळातच तसे असतात. सेव्हनवर असलेला मंगल इलेव्हनवर सापडला नाही तर गोंधळू नका. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात ऑप्शनल फीचर्स, तिथून देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स घेतले की तो येतो.

युनिकोड टाइप करायला विंडोजमध्ये मराठीचे दोन कीबोर्ड मिळतात, इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची ठरलेली मांडणी) आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारानं). तुमचा हात टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेला असेल तर ती मांडणी विंडोजमध्ये मिळणार नाही. बहुतेक मराठी सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांत ती युनिकोडसाठीही असते, डीलरला तेच आधी विचारा. त्यासाठी हाताची सवय मोडण्याचं काही कारण नाही. इनस्क्रिप्ट घेतलंत तर ळ हा शिफ्ट-एनवर आहे आणि आजऱ्यातला ऱ्य काढायला शिफ्ट-जे, डी आणि मग तिरकी रेघ, या क्रमानं. साध्या र नं सुरुवात केली की र्य होतो आणि आजर्‍याचं 'आजर्याचं' छापून जातं.

जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारे, आणि उलटे नेणारे, कन्व्हर्टर मिळतात. त्यांच्यावर सोडून देऊ नका. एक ओळ करून ठेवा : ज्योतिर्लिंग, पन्हाळा, गडहिंग्लज, दऱ्याचे वडगाव, कृष्णात, क्षीरसागर, हृषीकेश. कन्व्हर्टर या सात शब्दांतून सुखरूप बाहेर पडला तर पुष्कळ झालं. तरी मजकुरातले आकडे, अवतरणचिन्हं आणि तारखांमधल्या रेघा डोळ्यांनी तपासाव्याच लागतात.

उरलेल्या सवयी आठवड्यात बसतात. स्टार्टचं बटण मधोमध नको असेल तर पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेविअर्समध्ये डावीकडं घ्या, आणि तिथंच बटणं एकत्र न करण्याचा पर्याय आहे, म्हणजे उघड्या फाइलींची नावं सेव्हनसारखी खाली दिसतात. उजव्या क्लिकची जुनी लांब यादी शिफ्ट-एफ१० नं येते. विंडोज-व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या मजकुरांची यादी मिळते, हे सेव्हनमध्ये नव्हतं आणि नावांच्या याद्या भरताना फार कामाला येतं. फाइलीच्या नावापुढचं एक्सटेन्शन दिसत नसेल तर फोल्डरच्या व्ह्यू मेनूत शोखाली त्याची खूण आहे, ती लावाच. गिऱ्हाइकानं फोटो म्हणून पाठवलेली फाइल खरंच फोटो आहे का, ते त्यावरूनच कळतं.

हा सगळा बदल तुळशीच्या लग्नाआधी उरका. त्यानंतर पत्रिकांची रीघ लागते आणि तेव्हा कुठलीही नवी गोष्ट शिकायला जमत नाही. हंगामात विंडोज अपडेटमध्ये जाऊन अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात, आणि अ‍ॅक्टिव्ह अवर्समध्ये दुकानाची वेळ घातली की भर कामात मशीन स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. हंगाम सरला की थांबवलेले अपडेट घ्या.

कामाची वाटणी अशी ठेवा. नवीन जॉब नव्यावर, जुन्या जॉबचा फेरछपाईचा बदल आधी नव्यावर करून बघायचा, अडला तरच जुन्यावर. दोन्हींमध्ये फाइली एकाच राखून ठेवलेल्या पेनड्राइव्हनं न्या, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह जुन्याला कधीच लावू नका. जुनं महिनाभर बंद राहिलं आणि चालू केल्यावर तारीख भलतीच दाखवायला लागलं, तर बोर्डावरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल बदला. सलग पन्नास जॉब नव्यावरून छापून गेले आणि एकासाठीही जुनं उघडावं लागलं नाही, की त्यातली हार्डडिस्क काढा, वर तारखेची चिठ्ठी लावा आणि घरच्या कपाटात त्या दुसऱ्या डिस्कशेजारी ठेवून द्या.